एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: वर्षभर थांबलं तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचं वय ३४, दोन मुलं, पाळी नियमित, त्रास काहीही नाही. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघणं) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू आहे का ते शोधणं) अशा दोन्ही तपासण्या एकदम झाल्या. पॅप नॉर्मल आला. एचपीव्हीच्या रिपोर्टवर १६ नंबरसमोर ‘नॉट डिटेक्टेड’, १८ नंबरसमोर ‘नॉट डिटेक्टेड’ आणि ‘अदर हाय रिस्क टाइप्स’समोर ठळक अक्षरात ‘डिटेक्टेड’. तुमच्या डॉक्टर म्हणाल्या, वर्षाने पुन्हा करू. नात्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, मुलं झालीत, पिशवी काढून मोकळी हो. मिस्टरांनी विचारलं, हे आलं कुठून? शिवाय मोठ्या बहिणीच्या १३ वर्षांच्या मुलीची तपासणी करावी का, आणि पिशवी काढलेल्या ६१ वर्षांच्या आईंना याची गरज आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

एवढ्या सगळ्यात वैद्यकीय प्रश्न मला एकच दिसतो: शरीरात कॅन्सर करू शकणारा विषाणू आहे हे कळल्यावर वर्षभर थांबणं सुरक्षित आहे की निष्काळजीपणा आहे? तुम्ही जे सांगितलंय ते तसंच असेल तर थांबणं सुरक्षित आहे, काही अटींवर. त्या अटी खाली सांगते. आणि पिशवी काढण्याचा इथे प्रश्नच येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे तेवढी तरी धाकधूक आज संपेल.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर-धाराशिव पट्ट्यात प्रॅक्टिस करते, कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख बारकाईने बघणं, रोजच्या कामात आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मात्र त्यांनी दिलेल्या सल्ल्यामागचं गणित तुम्हाला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही, ते मी सांगू शकते.

आधी रिपोर्ट नीट वाचू. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. बहुतेक प्रकार निरुपद्रवी. ६ आणि ११ नंबरमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, पण त्यांच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही. कॅन्सर करणारे म्हणून ठरलेले प्रकार साधारण डझनभर. त्यात १६ आणि १८ हे दोघे सगळ्यात घातक. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने १९८३ मध्ये १६ नंबर आणि १९८४ मध्ये १८ नंबर कॅन्सरच्या गाठींतून वेगळे काढून दाखवले. त्या कामासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. आज आपण करतो त्या तपासणीचा पाया तिथे आहे.

तुमच्या रिपोर्टमधला ‘अदर’ म्हणजे उरलेल्यांची मोळी: ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९, ६६ आणि ६८. बरीचशी यंत्रं १६ आणि १८ वेगळे दाखवतात आणि या १२ जणांना एकाच खात्यात टाकतात. यापैकी एक तरी सापडला, एवढंच तुमचा रिपोर्ट सांगतो. नेमका कोणता, ते सांगत नाही. या मोळीतही सगळे सारखे नाहीत. ३१, ३३, ४५, ५२, ५८ यांच्याकडे मी जास्त लक्ष देते. ५६, ५९, ६६ यांचा धोका बराच कमी.

नंबरांना एवढं महत्त्व का? हा विषाणू गर्भाशयमुखाच्या ज्या पट्ट्यात आतल्या एकपदरी पेशी आणि बाहेरच्या अनेक थरांच्या पेशी भेटतात तिथे मुक्काम करतो. तिथे तो ई६ आणि ई७ नावाची दोन प्रथिनं बनवतो. आपल्या पेशीत पी५३ आणि आरबी असे दोन पहारेकरी असतात, बिघडलेल्या पेशीचं विभाजन ते रोखतात. ई६ हे पी५३ ला संपवतं, ई७ हे आरबीला निकामी करतं. मग पेशी बिघडलेल्या अवस्थेतच वाढत राहते. १६ आणि १८ या कामात सगळ्यात तरबेज आहेत, आणि ते शरीरातून लवकर जातही नाहीत, विशेषतः १६.

आता ‘एक वर्ष’ कुठून आलं ते पाहू. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतोच. दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपसूक निघून जातो. औषध नाही, त्रास नाही, कळतही नाही. कॅन्सरची वाट सुरू होते ती ज्यांच्यात एकच घातक प्रकार वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो त्यांच्यात. प्रतिकारशक्ती धड असलेल्या बाईत संसर्ग ते कॅन्सर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. मधल्या टप्प्यांना आम्ही सीआयएन १, २, ३ म्हणतो. १ नंबरचा बदल बहुधा आपोआप जातो. ३ नंबरचा बदल हा कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा, त्यावर उपचार करावाच लागतो.

अमेरिकेत पोर्टलंड इथे हजारो बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला होता, त्याचे आकडे २००५ साली प्रसिद्ध झाले. सीआयएन ३ किंवा त्यापुढचा बदल दहा वर्षांत कितीजणींत आला? १६ नंबर सापडलेल्यांत सुमारे १७ टक्के, १८ नंबरवाल्यांत सुमारे १४ टक्के, बाकीच्या घातक प्रकारांत ३ टक्के, आणि तपासणी निगेटिव्ह असलेल्यांत १ टक्क्याहून कमी. तुम्ही त्या ३ टक्क्यांच्या गटात बसता, आणि तोही दहा वर्षांचा आकडा आहे. म्हणून १६ किंवा १८ आला की पॅप कितीही स्वच्छ असला तरी आम्ही लगेच कोल्पोस्कोपी करतो, आणि ‘अदर’ आला व पॅप नॉर्मल असला तर वर्षाने पुन्हा बघतो. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला ढिसाळपणाचा नाही, नियमाला धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत तर पॉझिटिव्ह आल्यावर केलेली दुसरी चाचणी निगेटिव्ह असेल तर सर्वसाधारण बाईला २४ महिन्यांनी बोलवा असं आहे. मी स्वतः १२ महिन्यांच्या बाजूची आहे.

उंबरठ्यावरचा बदल तसाच सोडला तर काय होतं, हे ज्यामुळे आपल्याला कळलं ती हकिकत फार क्लेशदायक आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत अशा बदलांवर अनेक बायकांना पुरेसे उपचार दिलेच गेले नाहीत, आणि त्यांना धड सांगितलंही गेलं नाही. पुढे सरकारी चौकशी झाली. २००८ मध्ये त्या बायकांच्या नोंदींचं पुन्हा विश्लेषण झालं: उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला, ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली राहिलं. या दोन आकड्यांत माझ्या सगळ्या कामाचा अर्थ सामावला आहे. बदल वेळेत सापडला की तो काढून टाकणं सोपं असतं, आणि न सापडता राहिला तर तिघींतल्या एकीला तो खाऊन टाकतो.

आता अटी. वर्षभर थांबायचा सल्ला खालील कुणालाही लागू नाही. एचआयव्ही असलेली बाई, किडनी बदललेली, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारी: यांच्यात तोच प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो. पूर्वी कधी गर्भाशयमुखावर ‘शेक’ दिलाय, लीप (बिघडलेला भाग कापून काढणं) झालीय, बायोप्सीत सीआयएन आलंय, त्यांचा हिशोब वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांना त्रास आहे त्यांनी कुठल्याही रिपोर्टच्या भरवशावर राहायचं नाही. संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, घाण वासाचं पाणी अंगावरून जाणं: यातलं काहीही असेल तर स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) लावून प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणं हीच तपासणी. तुम्ही त्रास नाही म्हणताय, तरी एकदा शांतपणे आठवून पाहा. संबंधानंतर कधीतरी दिसणारा गुलाबी डाग बायका त्रासात मोजतच नाहीत.

दुसरी अट पॅपच्या दर्जाची. पॅप नॉर्मल म्हणजे काचेवर आलेल्या पेशी नॉर्मल. योग्य जागेच्या पेशी आल्या होत्या का, त्या नीट जतन झाल्या होत्या का आणि बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने किती वेळ देऊन पाहिल्या, या सगळ्यावर ते अवलंबून. कॅनडात पॅप आणि एचपीव्ही यांची थेट तुलना झाली, २००७ साली निकाल आला: गंभीर बदल असलेल्या बायकांपैकी एचपीव्ही तपासणीने सुमारे ९५ टक्के ओळखल्या, पॅपने सुमारे ५५ टक्के. तेही चांगल्या प्रयोगशाळांत. पॅप म्हणजे शेतात तण दिसतंय का ते बघणं, आणि एचपीव्ही म्हणजे तणाचं बी पडलंय का ते शोधणं. बी पडलं म्हणजे तण माजलंच असं नाही, पण बीच नसेल तर निर्धास्त राहता येतं. तुमचा पॅप रिपोर्ट काढून त्यात नमुना ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हटलाय का आणि ‘एन्डोसर्व्हायकल पेशी’ किंवा ‘ट्रान्सफॉर्मेशन झोन’चा, म्हणजे दोन प्रकारच्या पेशी भेटतात त्या पट्ट्याचा, उल्लेख आहे का ते बघा. नमुना अपुरा असेल तर ‘पॅप नॉर्मल’ हे वाक्यच बाद होतं आणि वर्षभर थांबण्याचा आधारही जातो. नुसता झोनचा उल्लेख नसेल तर तेवढ्याने पॅप रद्द होत नाही, पण डॉक्टरांना जरूर विचारा.

म्हणून सांगते, माझ्याकडे तुमच्यासारखा रिपोर्ट घेऊन कुणी आलं की मी नुसती वर्षानंतरची तारीख देऊन पाठवत नाही. त्याच भेटीत टेबलावर घेते. यात काय होतं ते लिहिते, कारण भीती बऱ्याचदा न बघितल्यामुळे असते. स्पेक्युलम लावल्यावर गर्भाशयमुख समोर दिसतं, गुलाबी, साधारण रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं. कापसाच्या बोळ्याने त्यावर ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावते. किंचित चुरचुरतं. मग मिनिटभर नुसतं थांबायचं, घाई करायची नाही. बदललेल्या पेशींचा भाग हळूहळू पांढरा होत जातो. फिकट, कडा विरलेला आणि लगेच मावळणारा पांढरेपणा सहसा किरकोळ असतो. दाट, चुन्यासारखा, कडा स्पष्ट असलेला आणि रेंगाळणारा डाग दिसला की मी तिथूनच बायोप्सी घेते. नंतर आयोडिन लावते, निरोगी भाग तपकिरी रंग घेतो आणि बिघडलेला भाग पिवळसर राहतो. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. भूल लागत नाही, बाई उठून चालत घरी जाते.

नियमात बसत नसताना मी हे का करते? कारण आमच्याकडे वर्षाने येणारी बाई वर्षाने येईलच असं नसतं. तोडणीचा हंगाम, मुलीचं बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, सुट्टी न मिळणं, यात तारीख निघून जाते. जिच्या परतण्याची मला खात्री नाही तिला आजच पाहून घेणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्ही नोकरी करता, लिहिता-वाचता, फोनमध्ये तारीख टाकून ठेवाल, तर थांबायला हरकत नाही. मात्र मनाला चैन पडत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मॅडम, एकदा ॲसेटिक ॲसिड लावून बघता का?’ या विनंतीचा राग येण्याचं कारण नाही.

इथे जरा विषय सोडून बोलते, कारण ही गोष्ट आपल्या मातीतली आहे आणि तरी आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. एचपीव्ही तपासणीने खरंच जीव वाचतात का, हे जगाला दाखवून दिलं ते आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यांतल्या बायकांनी. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते काम केलं. खेड्यांचे ५२ समूह पाडून ते चार गटांत वाटले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका घेतल्या. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी, एकाची पॅप, एकाची ॲसेटिक ॲसिडची तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन गटांत असा ठळक फरक दिसला नाही. आणि ज्या बायका एचपीव्ही निगेटिव्ह होत्या त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत कॅन्सरचं प्रमाण पॅप निगेटिव्ह असलेल्यांच्या साधारण एक चतुर्थांश होतं.

माझ्या मते या तपासणीची खरी ताकद त्या शेवटच्या वाक्यात आहे. पॉझिटिव्ह आला तर पुढे बघावं लागतं, पण निगेटिव्ह आला तर पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. दर वर्षी पॅपसाठी चकरा मारण्यापेक्षा तिशी ओलांडल्यावर पाच वर्षांनी एक एचपीव्ही, एवढं जरी प्रत्येक बाईचं झालं तरी खूप झालं. जागतिक आरोग्य संघटना तर किमान ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा, एवढंच मागते आहे. भारतात २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू. हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, म्हणून मला या विषयावर गप्प बसवत नाही.

तपासणी आता पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या छोट्या यंत्रावर, ज्यावर टीबीची तपासणी होते, सगळ्यात घातक आठ प्रकारांची एचपीव्ही तपासणीही होऊ शकते. नमुनाही बाई स्वतः घेऊ शकते, मऊ ब्रश योनीत घालून फिरवायचा आणि बाटलीत टाकायचा. पीसीआर पद्धतीच्या तपासणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. टेबलावर पाय वर करून झोपायची लाज वाटते म्हणून दवाखाना टाळणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना हा मार्ग मी आवर्जून सुचवते.

आता पिशवीकडे येऊ. एचपीव्ही हा संसर्ग आहे, पिशवीचा आजार नाही. पिशवी काढली तरी विषाणू योनीच्या वरच्या भागात राहू शकतो. उद्या तुमच्यात सीआयएन ३ सापडलं असं गृहीत धरलं, तरी उपचार म्हणजे थर्मल ॲब्लेशन, म्हणजे गरम प्रोबने तो भाग जाळणं, किंवा लीप, म्हणजे विजेच्या तारेच्या कडीने तेवढाच भाग कापून काढणं. स्थानिक भूल, त्याच दिवशी घरी. पिशवी जागेवर राहते. उलट, आधी नीट न तपासता पिशवी काढली आणि नंतर पॅथॉलॉजीत लपलेला कॅन्सर निघाला तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. मराठवाड्यात ‘पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या भीतीवर पस्तिशीच्या आतल्या बायकांच्या पिशव्या गेल्यात. बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला तो याच दुखण्याचा भाग. नर्सबाईंचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्याला ठाम नाही म्हणा.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मी जोडप्याला समोर बसवून देते, तेच इथे देते. हा विषाणू संबंधांतून येतो हे खरं. पण कधी आला हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात दबून राहू शकतो आणि नंतर पुन्हा रिपोर्टमध्ये दिसू शकतो. लग्नाआधीचा असू शकतो, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा असू शकतो, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून. त्यामुळे या रिपोर्टवरून कुणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष निघत नाही, तुमच्या नाही आणि त्यांच्याही नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही आणि त्यांना उपचारही लागत नाही. संबंध थांबवायची गरज नाही. निरोध वापरलात तर थोडा फायदा होतो, पूर्ण संरक्षण मिळत नाही. एकच मागणी त्यांच्याकडे करा: सिगारेट-बिडी घरात कुणी ओढत असेल तर बंद. धूम्रपानाने विषाणू टिकून राहायला मदत होते. मिश्री लावत असाल तर तीही सोडा.

विषाणू मारायचं औषध नाही. योनीत ठेवायच्या गोळ्या, जेल, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ महागडी कॅप्सुलं कुणी लिहून दिली तर पैसे वाचवा.

पुढच्या वर्षीची तपासणी कशी करायची तेही सांगून ठेवते. पाळी चालू नसताना जा. आधीचे दोन दिवस संबंध, योनीतल्या गोळ्या, क्रीम टाळा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. जमलं तर प्रत्येक प्रकार वेगळा सांगणारी तपासणी मागा, थोडी महाग असते. कारण नुसतं ‘अदर’ पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर जुनाच पाहुणा टिकून आहे की नवा आलाय हे कळत नाही, आणि धोका असतो तो टिकून राहिलेल्याचा. निगेटिव्ह आली तर फार चांगलं; तरी मी लगेच पाच वर्षांवर ढकलत नाही, मध्ये एकदा आणखी करून घेते. पुन्हा पॉझिटिव्ह आली तर पॅप नॉर्मल असला तरीही कोल्पोस्कोपी करायचीच, तेव्हा ‘आणखी एक वर्ष बघू’ याला तयार होऊ नका. आणि १६ किंवा १८ निघाला तर त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. १८ नंबरमध्ये बदल कधी कधी गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत असतो, बाहेरून दिसत नाही, म्हणून आतून खरवडून नमुना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मधल्या काळात गरोदर राहिलात तर बाळाला याने काही होईल अशी काळजी करू नका, फक्त डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा.

भाचीची तपासणी अजिबात करू नका. १३ व्या वर्षी तपासणीला काही अर्थ नाही, लसीला मात्र फार मोठा आहे. लस संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी दिसलं, २०२० मध्ये हा अभ्यास आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आहे, ती ६, ११, १६ आणि १८ विरुद्ध चालते. नऊ प्रकारांवरची आयात लस महाग आहे. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ नंतर तीन. म्हणजे तिला १५ पूर्ण व्हायच्या आत सुरू केलं तर एक डोस वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक डोसही चालू शकतो, पण घरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी करावीच लागेल, कारण लसीत सगळे प्रकार नाहीत. तुम्ही स्वतः लस घ्यावी का? असलेला संसर्ग लसीने जात नाही. बाकीच्या प्रकारांपासून थोडं संरक्षण मिळेल, म्हणून ती ४५ पर्यंत देता येते, पण ३४ व्या वर्षी फायदा मर्यादित. पैसे एकीसाठीच असतील तर भाचीला द्या.

राहिल्या आई. इथे सगळं एका गोष्टीवर ठरतं: पिशवीसोबत पिशवीचं तोंडही, म्हणजे गर्भाशयमुखही, काढलं होतं का? काही ऑपरेशनमध्ये तोंड मागे ठेवतात, आणि ते असेल तर तपासणी हवीच. घरात त्यांचं जुनं डिस्चार्ज कार्ड किंवा पॅथॉलॉजीचा कागद शोधा. ‘टोटल हिस्टरेक्टॉमी’ असेल आणि कारण गाठी किंवा जास्त रक्तस्राव असं असेल, आधी कधी सीआयएन नसेल, तर तपासणीची गरज नाही. ‘सबटोटल’ किंवा ‘सुप्रासर्व्हायकल’ लिहिलेलं असेल, किंवा कागदच सापडला नाही, तर त्यांना एकदा स्पेक्युलमने तपासून घ्या. तोंड आहे की नाही ते मिनिटभरात दिसतं, आणि असेल तर त्याच वेळी एचपीव्हीचा नमुना घेता येतो.